डब्यातला कडू घास

बारावीचे पेपर सुरू झाले की माझं डोकं फिरतं. स्टँडवर हातात पॅड आणि पारदर्शक पाऊच घेतलेल्या पोरी दिसल्या, की कुणावर तरी खेकसावंसं वाटतं. म्हणून या दिवसांत मी मुद्दाम लांब असते. पाठीवर सॅक टाकायची, पोटापाण्याचा लॅपटॉप त्यातच कोंबायचा, आणि जिथं आपल्या बोर्डाचं वेळापत्रक कुणाला ठाऊक नाही अशा गावातल्या प्रवाशांच्या स्वस्त डॉर्ममध्ये वरचा बेड पकडायचा, हा माझा दरवर्षीचा उपाय. यंदा तो फसला. आप्पांच्या, माझ्या वडलांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐन पेपरांत निघालं आणि मी मुकाट्यानं नगरच्या गाडीत बसले.

कारण सांगून टाकते, उगाच ताणत नाही. माझ्या बारावीच्या पेपरांत माझी आई मेली आणि मला सांगितलं नाही. शेवटचा पेपर होईपर्यंत ती जिवंत आहे, असं गावानं, होस्टेलनं आणि एका एसटी कंडक्टरनं मिळून ठरवून टाकलं. माझ्या भल्यासाठी. हे ‘भल्यासाठी’ ऐकलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भिंगार मागं पडलं, की पाथर्डीच्या रस्त्याला हवा कोरडी होत जाते. करंजीचा घाट चढून गाडी वर आली की खिडकीतून ज्वारीचा वास येतो. वाळलेल्या ताटांचा, मातीचा आणि घशात खवखवणाऱ्या कुसाचा. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. हाताला चिंध्या बांधून बायका ओळीनं वाकलेल्या असतात आणि मुळाची माती झटकल्याचा फट् फट् आवाज रस्त्यापर्यंत येतो. आई अशीच उपटत होती. छातीत कळ आली म्हणून बांधावर टेकली, बरोबरीच्या बाईला म्हणाली, ‘तू हो म्होरं, मी आलेच.’ ती आलीच नाही. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या बाबतीतलं सगळं मला नंतरच कळतं.

आमच्या भागातली निम्मी पोरं एसटीच्या डब्यावर शिकली. गावात रात्री मुक्कामाला आलेली गाडी भल्या सकाळी नगरला निघायची. फाट्याफाट्यावर कुणाची आई, कुणाचा चुलता डबा घेऊन उभा. प्रत्येक डब्याला आपापलं फडकं, झाकणावर ऑइलपेंटनं नाव. कंडक्टर ते ड्रायव्हरच्या पाठीमागं रचायचा. सगळी गाडी मग वांग्याच्या भाजीच्या वासानं भरून जायची आणि उपाशीपोटी निघालेले पाशिंजर कासावीस व्हायचे. इकडं नगरात माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही होस्टेलची पोरंपोरी वाट बघत उभी. भरलेला डबा घ्यायचा, आदल्या दिवशीचा रिकामा परत द्यायचा. आणि डब्यासोबत निरोप. निरोप कंडक्टरच्या तोंडी.

आमचे कंडक्टर मामा निरोप नुसता सांगायचे नाहीत, आवाजासकट करून दाखवायचे. माझी आई काही गोड बोलणारी बाई नव्हती. मामा कमरेवर हात ठेवून सगळ्या स्टँडदेखत सुरू व्हायचे, ‘अश्वीला म्हनावं, झोपा काढाया न्हाई पाठवली. बापाचं नाव काढ, न्हाईतर शेरडं राखाया ये.’ पोरं खिदळायची. मग मीही ठसक्यात उत्तर द्यायची, ‘तिला म्हणावं, असली वांगी म्हशीपुढं टाक, म्हैस तरी खाती का बघ.’ घाटाच्या वरून खाली आणि खालून वर असं आमचं रोजचं भांडण लाल गाडीतून ये-जा करायचं. त्या भांडणावरच मी होस्टेलात तग धरला. बाकी तिथं होतं काय? पत्र्याची कपाटं, वाळत घातलेल्या ओल्या ओढण्या, आंघोळीच्या बादलीसाठी नंबर, आणि पाठ करताना पुढं-मागं डुलणाऱ्या पोरींचा गुणगुणाट.

पेपर सुरू व्हायच्या आधी आई स्वतः गाडीत बसून आली आणि तिनं माझा मोबाईल काढून घेतला. रेक्टर बाईंच्या टेबलावर तो ठेवत म्हणाली, ‘शेवटचा पेपर झाल्याबिगर हिला देऊ नका. मी मेले तरी देऊ नका.’

बोलायची पद्धत असते एकेकाची. रेक्टर बाईंनी ती शब्दशः पाळली.

आईचा शेवटचा खरा निरोप आला तो फिजिक्सच्या पेपरानंतर. मामांनी नाक मुरडून सांगितला, ‘डबा धून पाठवीत जा म्हनली, शेंबडे. वास मारतो.’ हे तिचे माझ्यासाठीचे अखेरचे शब्द. लोकांच्या आया जाताना काय काय सांगून जातात. माझी हे सांगून गेली आणि मी ते जपून ठेवलं आहे, कारण ते तरी तिचं आहे. त्यानंतर जे आलं ते सगळं बनावट.

दुसऱ्या दिवशी मामांनी डबा हातात दिला तो माझ्याकडं न बघता. फडकं आमचं नव्हतं. आईची गाठ दातांनी ओढल्याशिवाय सुटायची नाही, ही नुसती खेचली तर सुटली. आत पिठलं-भाकरी. घट्ट, हिरव्या मिरचीचं, वर कच्च्या तेलाची धार. मी खूश. होस्टेलच्या खाटेवर मांडी घालून बसले आणि मनीषाला, माझ्या रूममेटला हाक मारली. ती आधी म्हणाली, भूक नाही. मग काय मनात आलं तिच्या कोण जाणे, येऊन बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून खाल्ला. रेक्टर बाईंनी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं. तोंड उघडलंस तर हिचं वर्ष वाया जाईल.

आमच्याकडं माणूस गेलं की घरची चूल पेटत नाही. जाळून आल्यावर शेजारीपाजारी, सोयरेधायरे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळंबळं चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो एकट्यानं खायचा नसतो, माणसांनी जवळ बसायचं असतं. आदल्या संध्याकाळी आईला जाळलं. सकाळी शेजारणीनं घरच्यांसाठी पिठलं टाकलं, आणि त्या रडारडीत कुणाच्या तरी ध्यानात आलं की पोरीचा डबा राहिला. गाडी तर थांबणार नाही. मग त्याच पातेल्यातलं भरलं, दिसेल त्या फडक्यात बांधलं आणि फाट्यावर पळवलं. म्हणजे माझ्या आईचा कडू घास मी बोटं चाटूनपुसून खाल्ला.

आणि वर निरोप पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा चांगला निरोप पाठवला! ‘मामा, आईला म्हणावं, कालचं पिठलं एक नंबर. असंच करत जा.’

मामांनी तो नेला. नेऊन सांगितलाही, तेवढे ते इमानदार. ऐकून माझी धाकटी काकू म्हणे अंगणात बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

काकू आणि आई सख्ख्या जावा. मोरीच्या पाण्यावरून कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता पुढचे सगळे डबे काकूनं केले. आईच्या हातासारखं व्हावं म्हणून आईचीच कढई, आईचाच मसाला. पण वांग्यात गूळ घालायची तिची खोड जाईना. मी निरोप धाडायची, ‘कसली गुळचट भाजी करतेस, जीभ जळली का तुझी?’ मामा ते काकूला जाऊन सांगायचे आणि काकू पदरानं तोंड पुसून पुढच्या दिवसाची वांगी चिरायला घ्यायची. मला त्या बोलण्याचं काही वाटत नाही. आई असती तरी मी हेच बोलले असते, आणि तिनं याहून जहाल उत्तर दिलं असतं.

ते जहाल उत्तर मात्र येईना. मामा आता कमरेवर हात ठेवायचे नाहीत. आवाज करायचे नाहीत. तिकिटाच्या मशीनकडं बघत म्हणायचे, ‘आई म्हनली, लई जागू नको. जिवाला जप, बाळा.’ बाळा! माझ्या आईनं मला जन्मात बाळा म्हटलं नव्हतं. मी खोलीवर येऊन मनीषाला म्हणाले, ‘आमच्या म्हातारीला ताप आलाय वाटतं डोक्यात, गोड बोलायला लागलीय.’ आणि पोट धरून हसले. मनीषा न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत बसली.

पुढं एकदा मामा रिटायर झाल्यावर गाठ पडली, तेव्हा मी त्यांना विचारलंच. असं का बोललात? ते म्हणाले, ‘पोरी, तुझी आई असती तर असंच म्हनली असती.’

‘नसती म्हणाली,’ मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. पडू दे.

शेवटचा पेपर बायोलॉजीचा. बाहेर आले तर गेटवर आप्पा. टोपी पार कानापर्यंत ओढलेली, मानेवर नुकता वस्तरा फिरलेला. पेपर सोपा गेल्याच्या तारेत मी ओरडले, ‘आप्पा, मला टाकून तिरुपतीला गेल्तात काय?’ आप्पा हसले. खरंच हसले, मला अजून ते हसू दिसतं. त्यांनी माझ्या हातातलं पॅड घेतलं आणि म्हणाले, ‘चल, गाडी लागलीय.’ घाट चढताना त्यांनी सांगितलं. मी रडले नाही. पहिला प्रश्न विचारला तो हा, ‘मग ते पिठलं कुणी केलं होतं?’

मार्क चांगले पडले. गावात पेढे वाटले. जो तो म्हणायचा, बघ, सांगितलं असतं तर वर्ष गेलं असतं. वर्ष! अरे, वर्ष परत येतं. परत दिली असती परीक्षा, काय मोठं आभाळ कोसळणार होतं? मला तिचं तोंड बघायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या, डोकं आपटायचं होतं, काकूच्या गळ्यात पडून गावाला ऐकू जाईल असं बोंबलायचं होतं. तो रडायचा हंगाम सगळ्यांनी मिळून खाल्ला. माझ्या वाट्याला उरल्या त्या राखेच्या जागेवर उगवलेल्या गवताच्या चार काड्या.

तेव्हापासून फोन मी कधी बंद केला नाही. डॉर्ममधली पोरं हसतात, ही बाई उशाला दोन-दोन पॉवरबँक घेऊन झोपते. तिथल्या स्वयंपाकघरात कुणी प्रेमानं ताट पुढं केलं, तरी मी आधी विचारते, ‘कुणी केलंय?’ त्यांना वाटतं, ही सोवळी आहे की काय. कुठली तू, विचारतात. नगर म्हटलं की हमखास पुढचा प्रश्न, ते बिनदारांच्या घरांचं गाव तिकडंच ना? हो, शिंगणापूर. मग त्यांचे डोळे मोठे होतात, आणि चोरी होतच नाही? मी म्हणते, आमच्या घराला दार होतं, कडी होती, कुलूपसुद्धा होतं, आणि घरातल्यांनीच माझी आई चोरली. त्यांना तो विनोद वाटतो. मीही हसते आणि सॅक भरते.

तर यंदा. आप्पांच्या डोळ्याला हिरवी पट्टी लागली, दोन्ही वेळा थेंब घालायचं काम काकूनं घेतलं, आणि मी निघायच्या आदल्या दुपारी फाट्यावरच्या वस्तीवरून आरडाओरडा आला. तिथले बापू विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसून जागच्या जागी गेले. त्यांची लेक पूजा नगरला होस्टेलात, बारावीला. संध्याकाळी माती उरकली. आप्पा तिथून काठी टेकत परत आले आणि ओट्यावर बसता बसता म्हणाले, ‘पोरीचा उद्या पेपर हाय. सांगायचं न्हाई ठरलंय.’

‘कुणी ठरवलं?’

‘समद्यांनी.’

‘समद्यांनी माझंही ठरवलं होतं.’

आप्पांनी उघडा डोळा दुसरीकडं फिरवला. ‘तुझं वाईट झालं का काय? चार देश हिंडतीस, कमावतीस.’

मी भांडले. जे इतकी वर्षं घशात होतं ते सगळं त्या म्हाताऱ्यावर ओतलं. काकू मधे पडली, ‘त्यांच्या डोळ्याला पानी येऊ द्यायचं न्हाई, डाक्टरनं सांगितलंय,’ म्हणाली. तेव्हा कुठं मी गप्प झाले. पण मनाशी पक्कं केलं. उद्या त्याच गाडीनं जाणार आहे. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी त्या पोरीला सांगणार. निदान हिच्यावर तरी ही पाळी येऊ देणार नाही.

सकाळी फाट्यावर पूजाचा चुलता डबा घेऊन उभा. आता मुक्कामी गाडीवर कंडक्टर बाई आहेत, तरुण, नव्या. चुलत्यानं डबा वर दिला आणि हात जोडले, ‘ताई, पोरीला काय कळू देऊ नका. बापू बरा हाय म्हना.’ बाईंचा चेहरा कावराबावरा. ‘मला न्हाई ओ जमायचं खोटं बोलायला. माझ्या तोंडावर लगेच दिसतं.’ लगेच सगळी गाडी शिकवायला पुढं. एक म्हणतो, तिच्याकडं बघूच नका. दुसरी म्हणते, घाई हाय म्हनायचं आन् सटकायचं. खोटं कसं बोलावं यात आमची माणसं फार तयार.

‘द्या इकडं. मी देते,’ मी म्हणाले.

चुलता मला ओळखत होता. त्याच्या जिवात जीव आला. हिच्यावरून गेलंय, ही बरोबर सांभाळून घेईल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. डबा मी मांडीवर घेतला. सॅक पायांत. घाट उतरताना डब्याची ऊब जीन्समधून लागत होती, आणि भिंगारला लष्कराच्या ट्रकांमागं गाडी रखडली तेव्हा फडक्यातून वास वर आला. पिठलं. मी खिडकी उघडली आणि तोंड बाहेर काढलं.

स्टँडच्या पाटीवर आता अहिल्यानगर, कंडक्टर बाईंच्या तोंडात मात्र ‘चला, नगर, नगर उतरा.’ पूजा खांबाला टेकून उभी होती. ओले केस, ट्रॅकपँट, हातात रिकामा डबा. मी म्हणाले, ‘पूजा ना? मी अश्विनी. वरच्या आळीतल्या आप्पांची.’

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘ते एसटीच्या डब्याचं, आईचं... त्या तुमीच का? आमच्या सरांनी वर्गात सांगितलं हुतं. काही झालं तरी मार्क कसे पाडायचे म्हनून.’

घ्या! माझ्या आईचं यांनी मार्क पाडायचं औषध करून ठेवलं. मी दात आवळले आणि म्हणाले, ‘पूजा, इथं बस. मला तुला सांगायचंय—’

‘नका सांगू.’ ती बसली. ‘म्हाईत हाय मला. काल रूममधल्या पोरीच्या मोबाईलवर स्टेटस बघितलं. बापूंचा फोटो, वर दोन दिवे, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या मामाच्याच पोरानं टाकलंय. समद्यांनी लपवलं आन् त्यो गाढव इसरला.’

डोळे कोरडे. सुजलेले, पण कोरडे.

‘मग चल की घरी. हीच गाडी परत फिरतेय, मी येते सोबत.’

‘माती झाली ना? जाऊन काय बघू?’ ती म्हणाली. ‘आई उभी आसंल ती मी हितं पेपर देतीय म्हनून उभी आसंल. पूजाचा पेपर, पूजाचा पेपर करत दिवस काढील. मी दारात दिसले की पडंल ती. पडू द्या पेपर झाल्यावर. तवा मी हाय धरायला.’

मी इतकी वर्षं घासून ठेवलेलं सगळं बोथट झालं. तिनं माझ्या हातातून डबा घेतला, गाठ एका झटक्यात सोडली आणि झाकण काढलं.

‘कडू घास हाय ना ह्यो?’

मी मान हलवली. तिनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, आणि माझ्यापुढं धरली. ‘घ्या. एकटीनं खात न्हाईत.’

आजूबाजूला गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. कुणाचं तरी बाळ रडत होतं, पॉपकॉर्नवाला ओरडत होता. आम्ही दोघी बाकावर बसून खात होतो. मी त्या वेळी खाल्लं होतं ते एक नंबर लागलं होतं. हे तिखटजाळ होतं आणि अळणी होतं. गिळता गिळेना. नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मिरचीचं म्हणून मी पुसलं. तिनं डबा संपवला. पार निपटून. मग स्टँडच्या नळावर जाऊन तो विसळला, ओढणीनं आतून-बाहेरून कोरडा केला, फडकं गुंडाळून दातांनी गाठ आवळली आणि कालच्या रिकाम्या डब्यासोबत माझ्या हातात ठेवला.

‘कंडक्टर ताईंना द्या,’ ती म्हणाली. ‘आन् माझा निरोप सांगा म्हनावं घरी. बापूंना म्हनावं, आज पिठल्यात मीठ कमी हुतं.’

एवढं बोलून ती निघाली. पॅड घ्यायला होस्टेलवर जायचं होतं, पेपरला अजून वेळ होता. मागं वळून बघितलं नाही.

मी गाडीपाशी गेले. कंडक्टर बाई पायरीवर उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं टक लावून. ‘कळलं का हो तिला?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘बापूंना सांगा म्हणाली, पिठल्यात मीठ कमी होतं.’

‘बरं झालं बाई,’ त्या म्हणाल्या, आणि डबे ड्रायव्हरच्या मागं नीट रचून ठेवले.